ब्राझील २०२७ : महिला फुटबॉल विश्वचषक मैदानात बसून बघायचा असेल तर

२४ जून ते २५ जुलै २०२७. बत्तीस संघ, चौसष्ट सामने, आठ शहरं. महिलांचा फुटबॉल विश्वचषक दक्षिण अमेरिकेत पहिल्यांदाच होतोय आणि तोही ब्राझीलमध्ये. मे २०२४ मध्ये बँकॉकच्या फिफा काँग्रेसमध्ये ब्राझीलने बेल्जियम, नेदरलँड्स आणि जर्मनीच्या संयुक्त प्रस्तावाला ११९ विरुद्ध ७८ मतांनी मागे टाकलं, तेव्हापासून ज्यांच्या डोक्यात 'जायचंच' असं घोळतंय, त्यांच्यासाठी हा लेख.

बहुतेक लोक अशा दौऱ्याची तयारी तिकिटापासून सुरू करतात. आधी तिकीट मिळू दे, बाकीचं मग बघू, असा एकूण सूर असतो. ब्राझीलच्या बाबतीत हा क्रम अंगाशी येतो. हा देश भारताच्या अडीचपटीहून मोठा आहे, शहरांना जोडणारी प्रवासी रेल्वे जवळपास नाहीच, आणि एकाच आठवड्यात एका यजमान शहरात स्वेटर लागतो तर दुसऱ्यात छत्री. आवडत्या संघाच्या मागे धावत सुटलात तर निम्मे दिवस आणि निम्मे पैसे विमानतळांवर जातील. म्हणून माझा सल्ला सरळ आहे: आधी प्रदेश ठरवा, मग शहर, मग तारखा आणि सगळ्यात शेवटी सामना. त्या शहरात जे संघ येतील ते बघायचे. महिला फुटबॉलमध्ये हे सहज परवडतं, कारण साखळीतही रटाळ सामने कमीच मिळतात.

पायरी पहिली : नकाशा

आठही शहरांतली मैदानं २०१४ च्या पुरुष विश्वचषकात वापरलेली आहेत. त्या वेळी बारा होती. मनौस, कुयाबा, नाताल आणि कुरितिबा या वेळी नाहीत. मनौस गळल्यामुळे अ‍ॅमेझॉनच्या जंगलातला लांबचा पल्ला वाचला, हे प्रेक्षकांच्या दृष्टीने बरंच झालं.

उरलेल्या आठांचे तीन गट मनात धरा. पहिला आग्नेयेचा त्रिकोण: साओ पाउलो, रिओ दि जानेरो आणि बेलो होरिझोंते. साओ पाउलो ते रिओ रस्त्याने साधारण ४३० किलोमीटर, रिओ ते बेलो होरिझोंतेही जवळपास तेवढंच. बसने सहा-सात तासांत एका शहरातून दुसऱ्यात जाता येतं. दुसरा ईशान्येचा किनारा: साल्व्हादोर, रेसिफे आणि फोर्तालेझा. नकाशावर ही शहरं एकमेकांना खेटून दिसतात, पण साल्व्हादोर ते रेसिफे आठशे किलोमीटर आहे आणि रेसिफे ते फोर्तालेझा पुन्हा तेवढंच. इथे विमानच घ्यावं. तिसऱ्या गटात दोन एकांडी शहरं: पठारावरची राजधानी ब्राझिलिया आणि पार दक्षिणेला पोर्तू अलेग्री. पोर्तू अलेग्री ते फोर्तालेझा हे अंतर तीन हजार किलोमीटरच्या वर जातं. या दोन शहरांत लागोपाठच्या दिवशी सामने घेणं म्हणजे स्वतःला शिक्षा करून घेणं.

पहिल्यांदाच जाणाऱ्याने आग्नेयेचा त्रिकोण धरावा. मैदानं मोठी, मेट्रो बरी, बस भरपूर, आणि एखादा सामना हुकला तरी करण्यासारखं खूप. ब्राझीलच्या यजमानपदाच्या प्रस्तावात उद्घाटनाचा आणि अंतिम सामना दोन्ही रिओच्या माराकाना मैदानात दाखवले होते, तेही याच त्रिकोणात. ज्यांनी ब्राझील आधी पाहिलाय किंवा ज्यांना फुटबॉलइतकाच लोकांचा उत्सव बघायचाय, त्यांनी ईशान्येला जावं. त्याचं कारण पुढे येतं.

पायरी दुसरी : हवा आणि तारखा

जून-जुलै म्हणजे तिथला हिवाळा, पण हा शब्द फक्त दक्षिणेला शोभतो. पोर्तू अलेग्रीत रात्री पारा दहाच्या खाली उतरतो, सकाळी धुकं असतं आणि त्या धुक्यात विमानं खोळंबतात. साओ पाउलोत दिवसा हलका स्वेटर, रात्री जाड जाकीट. रिओत हिवाळा नावापुरता. दिवसा शर्टावर फिरता येतं. ब्राझिलियात पाऊस नसतो आणि हवा इतकी कोरडी होते की ओठ फुटतात, नाकाचा घोळणा फुटतो. पाण्याची बाटली आणि व्हॅसलीन खिशात हवं. बेलो होरिझोंतेत दिवस छान उन्हाचे, रात्री गार.

रेसिफे आणि साल्व्हादोरमध्ये मात्र हे पावसाचे महिने. रेसिफेचा तर मुख्य पावसाळाच. स्टँडला छत असलं तरी मैदानापर्यंत पोचताना भिजणं ठरलेलं. फोर्तालेझात तोपर्यंत पाऊस ओसरत आलेला असतो आणि पुढे किनाऱ्यावर दणकून वारा सुटतो. ईशान्येला डास आणि डेंग्यू दोन्ही आहेत. डास पळवायचं मलम सामानात हवंच.

आणखी एक गोष्ट प्रवासी हमखास विसरतात: दिवस लहान असतो. रिओ, रेसिफे, साल्व्हादोर कुठेही असा, पाच-सव्वापाचला सूर्य बुडतो. दुपारचा सामना संपवून बाहेर पडाल तेव्हा अंधार झालेला असेल, हे धरून परतीचा रस्ता ठरवा.

आता तारखांचं. स्पर्धा सुरू होते तो २४ जून म्हणजे साओ जोआओ, सेंट जॉनचा दिवस. ईशान्य ब्राझीलमध्ये या सणाचं वजन कार्निव्हालइतकंच. रस्त्यावर शेकोट्या, फोर्रोचा नाच, अकॉर्डियन, मक्याचे नाना पदार्थ. रेसिफेपासून सुमारे १३० किलोमीटरवरचं कारुआरू आणि शेजारच्या पाराईबा राज्यातलं कांपिना ग्रांदे यांच्यात 'सगळ्यात मोठा साओ जोआओ आमचा' ही चुरस वर्षानुवर्षं चालू आहे. त्या दिवसांत साल्व्हादोर आणि रेसिफेचे लोक झुंडीने गावाकडे निघतात. २२ ते २५ जूनच्या बस आणि भाड्याच्या मोटारी लवकर संपतात, म्हणून त्या पट्ट्यात असाल तर ही आरक्षणं सगळ्यात आधी करा.

जुलैत शाळांना सुटी असते, त्यामुळे देशांतर्गत विमानांचे आणि किनाऱ्यावरच्या हॉटेलांचे दर विश्वचषक नसतानाही चढलेले असतात. स्वस्तात भागवायचं असेल तर साखळीचा पहिला आठवडा बरा.

पायरी तिसरी : स्पर्धेची बांधणी

आठ गट, प्रत्येकी चार संघ, गटातले पहिले दोन पुढे. मग उप-उपांत्यपूर्व फेरीपासून बाद फेरी. साखळीत ४८ सामने, बादमध्ये १६. बत्तीस संघांचा हा शेवटचा विश्वचषक. २०३१ पासून अठ्ठेचाळीस संघ असणार आहेत. यजमान ब्राझील धरून २९ संघ थेट येतात आणि उरलेल्या तीन जागा आंतरखंडीय प्लेऑफमधून भरल्या जातात.

नियोजनाच्या दृष्टीने यातून दोन गोष्टी निघतात. एक, साखळीत दर काही दिवसांनी त्याच मैदानावर नवे दोन संघ येतात. दहा दिवस एका शहरात मुक्काम ठोकला तर सामान न हलवता तीन-चार सामने आणि सहा-आठ देश बघून होतात. दोन, बाद फेरीत कोण कुठे येईल हे गटातल्या क्रमावर ठरतं. 'आपला संघ उपांत्य सामन्यात असेल' असं गृहीत धरून महाग तिकीट काढायचं असेल तर तो जुगार आहे हे मान्य करून काढा. २०२३ मध्ये जर्मनी साखळीतच गारद झाली आणि गतविजेती अमेरिका उप-उपांत्यपूर्व फेरीत स्वीडनकडून पेनल्टी शूटआउटमध्ये हरली. त्यांच्या नावावर पुढच्या फेऱ्यांची तिकिटं काढणाऱ्यांचं काय झालं असेल, कल्पना करा.

पायरी चौथी : तिकीट

तिकीट फक्त फिफाच्या अधिकृत संकेतस्थळावरून. नको असलेलं परत विकायचं किंवा दुसऱ्याचं घ्यायचं तेही फिफाच्याच पुनर्विक्रीच्या सोयीतून. समाजमाध्यमांवर 'दोन जास्तीची आहेत' असं सांगणाऱ्याकडून घेऊ नका. तिकीट आता मोबाइलमध्ये येतं, स्क्रीनशॉट चालत नाही आणि दारावर पोचल्यावर वाद घालायला समोर कोणी नसतं.

फिफाची विक्री टप्प्याटप्प्याने होते. काही टप्प्यांत अर्ज भरून सोडत निघते, काहींत पहिला येईल त्याला. सोडतीच्या टप्प्यात पहिल्या मिनिटाला अर्ज केला काय नि शेवटच्या दिवशी केला काय, फरक पडत नाही. तेव्हा रात्रभर जागायची गरज नाही. पहिला येईल त्याला तिकीट असेल त्या टप्प्यात मात्र जागं राहा. खातं आधीच उघडून ठेवा, नाव पासपोर्टवर आहे तसंच लिहा, आणि कार्डावर परदेशी व्यवहार चालू आहेत ना हे बँकेकडून तपासून घ्या. ऐन वेळी ओटीपी न आल्यामुळे हातचं तिकीट जाणं ही फारच किरकोळ आणि फारच सर्रास घडणारी गोष्ट आहे.

गटांची सोडत निघायच्या आधी मैदानानुसार तिकिटं मिळाली तर ती घ्यावीत. तेव्हा कोण खेळणार हे कुणालाच माहीत नसतं, म्हणून गर्दी कमी असते. ब्राझीलचे सामने निश्चित झाले की त्या तिकिटांवर उड्या पडणार. ब्राझीलचा सामना बघायचाच असेल तर तोही घ्या, पण त्यावर सगळा दौरा टांगू नका.

पायरी पाचवी : कागदपत्रं

भारतीय साध्या पासपोर्टवर ब्राझीलला व्हिसा लागतो. दिल्लीत वकिलात आहे, मुंबईत वाणिज्य दूतावास. २०१४ मध्ये सामन्याचं तिकीट असणाऱ्यांसाठी ब्राझीलने खास मोफत व्हिसा काढला होता. २०२७ साठी तसं काही निघालं तर घ्यावं, पण त्या आशेवर बसू नये. पासपोर्टची मुदत आणि कोरी पानं आजच बघा.

आता ज्यावरून परतताना लोक अडकतात ते: पीतज्वराची लस. ब्राझील पीतज्वर असलेल्या देशांच्या यादीत आहे आणि तिथून भारतात येणाऱ्याकडे लसीचं पिवळं प्रमाणपत्र मागतात. नसेल तर विलगीकरणात ठेवतात. लस सरकारमान्य केंद्रांवरच मिळते, कोपऱ्यावरच्या डॉक्टरकडे नाही. ती घेतल्यानंतर दहा दिवसांनी प्रमाणपत्र लागू होतं, आणि मग जन्मभर चालतं. वय साठच्या पुढे असेल, अंड्याची अ‍ॅलर्जी असेल किंवा प्रतिकारशक्तीचा काही आजार असेल तर आधी डॉक्टरशी बोला. केंद्रांवर ठरावीक दिवशीच लस देतात, म्हणून महिना-दोन महिने आधीच उरकून टाका. प्रमाणपत्र पासपोर्टसोबत हातातल्या बॅगेत ठेवा.

प्रवासात अमेरिकेत विमान बदलत असाल तर नुसतं विमानतळावर उतरायलाही अमेरिकेचा व्हिसा लागतो. युरोपमार्गे जाताना ट्रान्झिट व्हिसा लागतो का, हे देशागणिक बदलतं. ते तिकीट काढायच्या आधी पाहा, नंतर नाही. आखाती देशांतून किंवा आदिस अबाबाहून साओ पाउलोला जाणारी विमानं त्या मानाने बिनकटकटीची.

पायरी सहावी : पोचणं आणि फिरणं

परदेशातून आलात की ब्राझीलमध्ये पहिल्या ज्या विमानतळावर उतराल तिथेच इमिग्रेशन आणि कस्टम्स होतं. पुढचं विमान देशांतर्गत असलं तरी सामान उचलून पुन्हा द्यावं लागतं. म्हणून साओ पाउलोत पुढच्या विमानासाठी तीन-साडेतीन तास तरी हातात ठेवा.

दुसरा फास विमानतळांचा. साओ पाउलोला आंतरराष्ट्रीय विमानं ग्वारुल्योसला येतात, पण देशांतर्गत बरीच काँगोन्यासहून सुटतात, आणि दोन्हींच्या मध्ये त्या शहराची वाहतूक. रिओतही तसंच: गालियाँव दूर, सांतोस दुमों शहरात. स्वस्त दिसलं म्हणून वेगळ्या विमानतळावरचं पुढचं तिकीट काढू नका. बेलो होरिझोंतेचा कॉनफिन्स विमानतळ शहरापासून चाळीस किलोमीटरच्या आसपास आहे, तो वेळही धरा. पोर्तू अलेग्रीचा विमानतळ मे २०२४ च्या महापुरात पाण्याखाली गेला होता; त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये तो पुन्हा सुरू झाला.

बसला कमी लेखू नका. ब्राझीलच्या लांब पल्ल्याच्या बस उत्तम असतात आणि 'कॉनव्हेन्सिओनाल', 'एझेकुतीव्हो', 'सेमी-लेतो', 'लेतो' असे त्यांचे वर्ग असतात. 'लेतो'मध्ये जवळजवळ आडवं होता येतं. साओ पाउलो ते रिओ रात्रीच्या बसने गेलात तर एका रात्रीचं हॉटेल वाचतं. फक्त एसी इतका थंड असतो की पांघरूण सोबत हवंच. तिकिटाच्या संकेतस्थळावर 'सीपीएफ' क्रमांक विचारतील. तो तिथला करदात्याचा क्रमांक, जो ब्राझीलमध्ये सगळीकडे मागतात. रकान्याच्या आसपास 'पासापोर्ते' किंवा 'एस्ट्रांझेरो' असा पर्याय शोधा. नसेल तर संकेतस्थळ सोडून सरळ बसस्थानकावर, म्हणजे 'होदोव्हियारिया'वर, पासपोर्ट दाखवून तिकीट काढा.

पायरी सातवी : एकेक मैदान

माराकाना, रिओ. क्षमता साधारण ७८ हजार. १९५० मध्ये इथेच उरुग्वेने ब्राझीलला २-१ हरवलं आणि आख्ख्या देशाला रडवलं. २०१४ चा अंतिम सामनाही इथलाच. २०१६ च्या ऑलिम्पिकमध्ये ब्राझीलच्या मुली उपांत्य सामन्यात याच मैदानावर स्वीडनकडून पेनल्टीवर हरल्या. तो हिशोब इथल्या प्रेक्षकांच्या लक्षात असणार. जायला मेट्रोसारखं दुसरं काही नाही. मार्गिका २ वरच्या माराकाना स्थानकातून बाहेर पडलं की पादचारी पुलाचा लांब उतार थेट मैदानाच्या अंगाला आणून सोडतो. त्या उतारावरून पहिल्यांदा तो गोल दिसतो तेव्हा मागच्या लोकांची पर्वा न करता लोक थबकतात, आणि पाठीत कोपरं खातात. कोपाकाबाना किंवा इपानेमात राहत असाल तर मार्गिका १ वरून २ वर बदल करावा लागतो. मेट्रोच्या फाटकावर बँकेचं कार्ड टेकवून आत जाता येतं.

इताकेरा, साओ पाउलो. कॉरिंथियन्स या क्लबचं घर; त्याचा महिला संघ ब्राझीलमधला सगळ्यात बलाढ्य. शहराच्या मध्यापासून पूर्वेला वीसेक किलोमीटर, पण लाल मार्गिका ३ चं शेवटचं स्थानक मैदानाच्या दारात. हॉटेल पाउलिस्ता रस्त्याच्या आसपास घ्या. मैदानाजवळ राहण्यात काही अर्थ नाही. हातात अर्धा दिवस असेल तर पाकाएंबू स्टेडियममधलं फुटबॉल संग्रहालय बघा.

मिनेराँव, बेलो होरिझोंते. ८ जुलै २०१४, विश्वचषकाचा उपांत्य सामना: जर्मनी सात, ब्राझील एक. बस, एवढं पुरे. तिथल्या माणसाशी हा विषय आपण होऊन काढू नका. इथे मेट्रो पोचत नाही. बीआरटीची बस किंवा अ‍ॅपची टॅक्सी. सामन्याच्या दिवशी सकाळीच निघा आणि पाम्पुल्या तळ्याकाठचं, वास्तुविशारद निमायरचं चर्च बघा. जागतिक वारशाच्या यादीत आहे आणि मैदानाजवळच आहे.

माने गारिंशा, ब्राझिलिया. प्रेक्षकाच्या सोयीचं म्हणाल तर आठांत हे पहिलं. शहराच्या मध्यावर, हॉटेलांच्या पट्ट्यातून चालत जाता येतं. शहर मात्र मोटारींसाठी आखलेलं. इतर कुठे पायी जायचा हट्ट धरलात तर रुंद रस्ते ओलांडण्यात दिवस जाईल.

फोंते नोवा, साल्व्हादोर. जुन्या गावातल्या पेलोरिन्योपासून पायी अंतरावर, मागे तळं, जवळ मेट्रोचं कांपो दा पोल्व्होरा स्थानक. २०१४ च्या स्पर्धांच्या वेळी अकाराझे, म्हणजे चवळीचे वडे, विकणाऱ्या पांढऱ्या पोशाखातल्या बायकांना मैदानातून हटवायचं घाटत होतं. त्या भांडल्या आणि जागा मिळवली. वातावरणासाठी एकच सामना निवडायचा तर मी इथला निवडीन.

आरेना पेर्नांबुको, रेसिफे. आठांत सगळ्यात गैरसोयीचं. मैदान रेसिफेत नाहीच. साओ लोरेन्सो दा माता या शेजारच्या गावात आहे. मेट्रोने कोस्मे ए दामियाँव, तिथून बस. पाऊस असेल तर जायला दोन तास धरा आणि रात्री उशिराचं विमान अजिबात ठेवू नका.

कास्तेलाँव, फोर्तालेझा. मोठं, हवेशीर मैदान, पण किनाऱ्यावरच्या हॉटेलांपासून लांब. सामन्याच्या दिवशीच्या खास बसची घोषणा होते का ते बघा, नाहीतर टॅक्सी. बेरा-रिओ, पोर्तू अलेग्री: ग्वाइबाच्या काठावर, गावातून पाण्याकडेने चालत जायचा रस्ता सुंदर. संध्याकाळी काठावरून गार वारा येतो, कानटोपी घ्या.

पायरी आठवी : पैसे, फोन, वीज

चलन रेआल. रोख जवळपास लागतच नाही. किनाऱ्यावर शहाळं विकणाराही कार्डाचं यंत्र पुढे करतो आणि 'क्रेदितो ओउ देबितो?' विचारतो. उत्तर तयार ठेवा, नाहीतर मागची रांग सुस्कारे सोडते. दुकानात बिल करताना गल्ल्यावरची बाई 'सेपेएफी ना नोता?' असं भरभर म्हणते. ती तुमचा करक्रमांक बिलावर छापू का विचारतेय. 'नाँव, ओब्रिगादो' म्हणा, बाई असाल तर 'ओब्रिगादा', आणि मोकळे व्हा. तिथले लोक एकमेकांना 'पिक्स'ने पैसे देतात, क्यूआर कोड सगळीकडे दिसतील, पण त्यासाठी तिथलं बँक खातं लागतं. दोन वेगवेगळ्या बँकांची कार्डं न्या. हॉटेलात बसून जेवलात तर बिलात दहा टक्के सेवाशुल्क लावलेलं असतं. त्यावर आणखी टिप अपेक्षित नाही.

सिमसाठी तिथेही कागद मागतात, म्हणून ई-सिम आधीच घेतलेलं बरं. प्लग तीन गोल पिनांचा, तिथलाच. रिओ, साओ पाउलो, बेलो होरिझोंतेत विजेचा दाब १२७ व्होल्ट. ब्राझिलिया, रेसिफे, फोर्तालेझात २२०. फोनचे चार्जर दोन्ही खपवून घेतात. केसांचं यंत्र घरीच ठेवा.

पायरी नववी : पोट

शाकाहारी माणूस ब्राझीलमध्ये उपाशी राहत नाही, पण त्याने प्रश्न नीट विचारायला हवा. 'सेम कार्ने' म्हटलं तर बैल-गाईचं मांस टळेल. कोंबडी किंवा हॅम येऊ शकतं. काळ्या घेवड्याच्या उसळीतही डुकराचे तुकडे असतात. यावर रामबाण उपाय 'पोर किलो' खाणावळ: ताट घ्या, मांडलेल्या पन्नास पदार्थांतून हवं ते वाढून घ्या, काट्यावर ठेवा, वजनाचे पैसे द्या. भात, पालेभाज्या, कोशिंबिरी, तळलेली केळी, काय आहे ते डोळ्यांना दिसतं. दुपारी बाराला गेलात तर सगळं ताजं, अडीचनंतर उरलंसुरलं. साल्व्हादोरचं अकाराझे म्हणजे चवळीच्या पिठाचा पामतेलात तळलेला जाडजूड वडाच. आत सुकी कोळंबी भरतात, ती नको म्हणून आधीच सांगा. सकाळी चीजचे गरम गोळे, पाँव दे केझू, कुठेही मिळतात. बेलो होरिझोंतेचे सगळ्यात चांगले.

पायरी दहावी : जपून

रिओ आणि साओ पाउलोत खरा धोका फोनचा. फुटपाथच्या कडेला उभं राहून नकाशा बघणाऱ्याच्या हातातून सायकलवाला फोन उचलतो आणि दिसेनासा होतो. तिकीट, बँक, हॉटेल सगळं त्याच फोनमध्ये असल्यामुळे एका झटक्यात दौरा कोलमडतो. नकाशा बघायचा तर दुकानाच्या आत शिरा. टॅक्सी बोलवायची तीही आतूनच. फिफाच्या खात्याचा पासवर्ड दुसऱ्या कुणाकडे तरी असू द्या, म्हणजे दुसऱ्या फोनवर तिकीट उघडता येईल. गळ्यात सोनं नको. पोलिसांसाठी १९०, रुग्णवाहिकेसाठी १९२, अग्निशमनासाठी १९३. महिलांवरच्या अत्याचाराच्या तक्रारीसाठी १८० हा क्रमांक वेगळा आहे. रिओच्या मेट्रोत कामाच्या दिवशी गर्दीच्या वेळी एक डबा बायकांसाठी राखीव असतो. स्थानकावर गुलाबी पट्टा दिसेल तिथे उभं राहायचं.

सामना संपल्यासंपल्या दाराकडे धावू नका. अर्धा तास जागेवर बसा, गर्दी ओसरू द्या. मैदानाच्या दारात टॅक्सी मागवण्यापेक्षा गर्दीसोबत उजेडाच्या रस्त्याने आठ-दहा मिनिटं चाला, मग मागवा. भाडंही कमी पडतं.

कुणाला टाळ्या वाजवायच्या

गतविजेता स्पेन, २०२३ मध्ये सिडनीत त्यांनी इंग्लंडला १-० हरवलं. अमेरिकेच्या नावावर चार विजेतेपदं, जर्मनीच्या दोन, नॉर्वे आणि जपान एकेक. ब्राझीलकडे एकही नाही. २००७ ला अंतिम फेरी गाठली आणि जर्मनीकडून हरले. तरी विश्वचषकात सर्वाधिक गोल, पुरुष आणि महिला दोन्ही धरून, ब्राझीलच्याच मार्ताच्या नावावर आहेत: १७. ज्या देशात १९४१ च्या सरकारी हुकुमाने बायकांना फुटबॉल खेळायला मनाई केली होती आणि ती १९७९ पर्यंत उठली नव्हती, तिथे ही स्पर्धा होतेय हे तिथल्या वयस्क बायका विसरलेल्या नाहीत. स्टँडमध्ये शेजारी एखादी सत्तरीची आजी बसली असेल तर तिच्याशी बोला. भाषा येत नसली तरी ती बोलेल.

२०२५ ची महिलांची कोपा अमेरिका, म्हणजे दक्षिण अमेरिकेची स्पर्धा, ब्राझीलने कोलंबियाविरुद्ध ४-४ अशा बरोबरीनंतर पेनल्टीवर जिंकली, तेव्हा या दोन संघांची गाठ पडणार असेल तर तिकिटाला मागेपुढे बघू नका.

आणि जाणं जमलंच नाही तर

आठही शहरांची घड्याळं एकच वेळ दाखवतात, आपल्यापेक्षा साडेआठ तास मागे. तिथे दुपारी एकचा सामना आपल्याकडे रात्री साडेनऊला, चारचा साडेबाराला, सातचा पहाटे साडेतीनला. दुपारचे सामने सहज बघून होतील. पहाटेचे कुठले जागून बघायचे ते गटांची सोडत निघाली की कॅलेंडरवर खुणा करून ठेवा, आणि तारीख लिहिताना मध्यरात्रीनंतर दिवस बदलतो हे ध्यानात असू द्या.